ठरावाला उपसूचना कशी द्यायची: सोसायटीच्या सभेत शब्द बदलून घेण्याची पद्धत

सभेत साधारण असं होतं. विषयपत्रिकेवरचा सातवा विषय येतो, सचिव ठराव वाचून दाखवतात आणि मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, "कॅमेरे हवेतच हो, पण दोन हप्त्यांत एवढे पैसे..." पुढचं वाक्य गलक्यात बुडून जातं. दहा मिनिटं सगळे एकदम बोलतात. अध्यक्ष कंटाळून विचारतात, "मग मंजूर ना?" चार-पाच जण "मंजूर, मंजूर" म्हणतात आणि विषय संपतो. ज्याला कॅमेरेही हवे होते आणि हप्तेही वाढवून हवे होते, त्याचं म्हणणं कुठेच उतरत नाही.

त्याच्या त्या "पण"ला सभेच्या कामकाजात हक्काची जागा आहे. तिला उपसूचना म्हणतात. महापालिकेच्या बातम्यांत "उपसूचनांसह प्रस्ताव मंजूर" हे आपण नेहमी वाचतो. पण तीच सोय आपल्या इमारतीच्या गच्चीवर भरलेल्या सभेतही वापरता येते, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. ठराव अर्धा पटला आणि अर्धा नाही, तर "हो" किंवा "नाही" यांतून एकच निवडायची सक्ती तुमच्यावर नसते. पटत नाही तेवढे शब्द बदलून मागा.

मात्र उपसूचना असते ती शब्दांची. भावनेची, सूचनेची, "जरा बघा काहीतरी"ची नसते. हे मी पैसे मोजून शिकलो. आमच्या जुन्या सोसायटीत इमारतीच्या रंगकामाचा ठराव आला होता. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम पाव हिश्श्यापेक्षा जास्त द्यायची नाही, असं सभेत अनेकांनी बजावलं होतं. इतिवृत्तात नोंद झाली ती अशी: "सभासदांनी केलेल्या सूचनांसह ठराव मंजूर." सूचना कोणत्या, कुणाच्या, किती, काही नाही. पुढे निम्मी रक्कम आगाऊ दिली गेली, काम रखडलं, आणि आम्ही इतिवृत्ताची वही उघडून बोट ठेवायला एक ओळ शोधत बसलो. ती ओळ नव्हती, कारण त्या सभेत आम्ही कुणीच ती लिहून दिली नव्हती.

सभेआधीची तयारी

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थेच्या कामकाजाच्या नमुना नियमांप्रमाणे, वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी आणि विशेष सर्वसाधारण सभेची ५ दिवस आधी द्यावी लागते. हे दिवस वाया घालवू नका. विषयपत्रिका हातात पडली की ज्या विषयावर तुमचा "पण" आहे, त्याच्या ठरावाचा मसुदा सचिवांकडे मागा. बऱ्याचदा मसुदा तयारच नसतो, विषयपत्रिकेवर "सीसीटीव्ही बसवण्याबाबत विचार करणे" एवढंच असतं. मग निदान किती कॅमेरे, किती खर्च, वसुली कशी, हे विचारून घ्या. ज्या वाक्यात बदल करायचा ते वाक्यच समोर नसेल, तर बदल कशात करणार?

आता एक उदाहरण धरून चालू. ४८ सदनिकांची सोसायटी आहे आणि सभेला ३१ सभासद हजर आहेत. आदर्श उपविधींप्रमाणे गणपूर्तीला, म्हणजे सभा चालवायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण सभासदांच्या दोनतृतीयांश किंवा २० यांपैकी कमी असलेली संख्या लागते, तेव्हा गणपूर्ती झाली आहे. ठराव असा आहे:

"संस्थेच्या आवारात व जिन्यांत १६ सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत आणि त्यांच्या खर्चासाठी प्रत्येक सदनिकेकडून ६,००० रुपये दोन मासिक हप्त्यांत घ्यावेत."

तुम्हाला महिन्याला तीन हजार जड वाटतात. घरीच एका कागदावर लिहा:

"ठरावातील 'दोन मासिक हप्त्यांत' यातील 'दोन' हा शब्द वगळून त्या जागी 'सहा' हा शब्द घालावा."

खाली तुमचं नाव आणि सदनिका क्रमांक लिहा. अनुमोदकासाठी एक ओळ मोकळी सोडा. कागदाच्या तीन प्रती करा: एक अध्यक्षांना, एक सचिवांना, एक स्वतःजवळ. शेजारच्या काकूंना किंवा खालच्या मजल्यावरच्या काकांना आधीच सांगून ठेवा, "मी अशी उपसूचना मांडणार आहे, पटत असेल तर अनुमोदन द्याल का?" यात लपवाछपवी काही नाही. उलट, पाच मिनिटं आधी कळलं की माणूस विचार करून हो किंवा नाही म्हणू शकतो.

लेखी देण्याचा हा आग्रह कुणाला बाबूगिरी वाटेल. घटना समितीचं काम आठवा. राज्यघटनेच्या मसुद्यावर ७,६३५ उपसूचना आल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या, हा हिशेब डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिला आहे. एवढ्या उपसूचनांचं काम उरकलं गेलं, कारण प्रत्येकीला तिचे नेमके शब्द आणि तिची नेमकी जागा होती.

बदल कोणत्या प्रकारचा, हे आधी ठरवा

शब्द घालणे, शब्द वगळणे, काही वगळून त्या जागी दुसरे घालणे आणि अख्खा ठराव बाजूला ठेवून पर्यायी ठराव देणे, असे चारच प्रकार आहेत. हेन्री मार्टिन रॉबर्ट या अमेरिकी लष्करातल्या इंजिनिअरने १८७६ मध्ये सभेच्या नियमांचं जे पुस्तक छापलं, त्याची परंपरा हीच विभागणी सांगते आणि आपल्याकडच्या सभागृहांची रीतही याहून फार वेगळी नाही.

घालण्याच्या प्रकाराचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १७ ऑक्टोबर १९४९ ला घटना समितीत प्रास्ताविकेवर चर्चा चालली होती. ह. वि. कामत यांनी उपसूचना मांडली की आरंभी 'ईश्वराच्या नावाने' हे शब्द घालावेत. विषय केवढा नाजूक! तरी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या सभागृहाने तो मतास टाकला, मतं मोजली: बाजूने ४१, विरोधात ६८. उपसूचना पडली आणि सभागृह पुढच्या कामाला लागलं. श्रद्धेच्या प्रश्नावरही मतदान नेमक्या शब्दांवर झालं, हे यातून घेण्यासारखं आहे.

होता होईल तो लहान बदल मागा. एक शब्द, एक आकडा, एक उपवाक्य. पर्यायी ठराव दिलात की मूळ ठराव मांडणाऱ्याला तो आपला पराभव वाटतो आणि तो कंबर कसून विरोधाला उभा राहतो. 'दोन'च्या जागी 'सहा' म्हणालात तर बहुतेकदा तोच मान डोलावतो.

सभेत मांडायची वेळ आणि शब्द

क्रम असा: सूचक ठराव मांडतो, अनुमोदक अनुमोदन देतो, अध्यक्ष तो वाचून सभेपुढे ठेवतात आणि चर्चा सुरू होते. चर्चा सुरू झाल्यापासून ठराव मतास टाकेपर्यंतचा काळ उपसूचनेचा. त्याआधी घाई करू नका. "कोण कोण बाजूने?" असं विचारून झाल्यावर तर उपयोगच नाही.

उभे राहा, अध्यक्षांकडे पाहा आणि म्हणा:

"अध्यक्ष महोदय, या ठरावाला माझी उपसूचना आहे. 'दोन मासिक हप्त्यांत' यातील 'दोन' हा शब्द वगळून 'सहा' हा शब्द घालावा."

एवढंच बोला. कारणं लगेच सांगू नका. अनुमोदन मिळू द्या, कागद अध्यक्षांच्या हाती द्या, त्यांना तो वाचून दाखवू द्या. मग कारण सांगा आणि तेही दोन मिनिटांत: "निवृत्त मंडळी बरीच आहेत, महिन्याला तीन हजार जड जातात, सहा हप्त्यांत एक हजार होतात, काम अडत नाही." आमच्याकडच्या सभांमध्ये नेमकं उलटं होतं. आधी दहा मिनिटं कारणं, जुन्या कार्यकारिणीची उजळणी, आणि शेवटी मागणी काय तेच राहून जातं.

अध्यक्षांनी "तुमची सूचना नोंदवून घेतो" म्हणून पुढे जायचा प्रयत्न केला, तर नम्रपणे पण ठाम राहा: "ही सूचना नाही, उपसूचना आहे. अनुमोदन मिळालं आहे. ठरावाआधी ती मतास टाकावी अशी विनंती आहे." तरीही ऐकलं नाही तर हरकतीचा मुद्दा उपस्थित करा, म्हणजे कामकाज रीतीप्रमाणे चाललेलं नाही असं अध्यक्षांना सांगा, आणि त्यावर अध्यक्षांनी दिलेला निर्णय इतिवृत्तात नोंदवायला सांगा.

मतदानाचा क्रम: सगळा गोंधळ इथे होतो

तुमच्या 'सहा' वर चर्चा चालू असताना तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, "सहा महिने फार होतात, पुरवठादार थांबणार नाही. 'सहा'च्या जागी 'चार' करा." ही उपसूचनेला उपसूचना झाली. ती चालते. पण चौथ्या कुणी आता "चारच्या जागी पाच" म्हटलं तर ते चालत नाही. तिसऱ्या पायरीचा बदल घेतला तर आपण कशावर मत देतोय हे कुणालाच कळत नाही. त्या सभासदाला सांगा, 'चार' पडलं तर तुमचं 'पाच' घेऊ.

आता मतं घ्यायची ती सगळ्यात शेवटी आलेल्या बदलापासून मागे मागे. प्रत्येक वेळी अध्यक्षांनी काय ठरतंय ते स्पष्ट म्हणायचं.

पहिलं मत: "उपसूचनेतील 'सहा'च्या जागी 'चार' असावं का?" बाजूने १७, विरोधात ११, तटस्थ ३. मंजूर. याने हप्ते चार झाले नाहीत. फक्त उपसूचनेतला आकडा चार झाला.

दुसरं मत: "ठरावातील 'दोन'च्या जागी 'चार' असावं का?" बाजूने २२, विरोधात ६, तटस्थ ३. मंजूर. याने ठराव मंजूर झाला नाही, ठरावातला शब्द बदलला.

इथे पुन्हा थांबायचं. आणखी कुणाची उपसूचना आहे का, विचारायचं. तळमजल्यावरच्या एका सभासदाने कागद पुढे केला: "'बसवावेत' या शब्दानंतर 'मात्र कोणत्याही कॅमेऱ्याचा रोख सदनिकेच्या दाराच्या आत नसावा' हे शब्द घालावेत." अनुमोदन मिळालं, कुणाची हरकत नव्हती, एकमताने मंजूर. मला विचाराल तर त्या संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा बदल हाच, आणि मूळ ठराव लिहिताना तो कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

तिसरं आणि शेवटचं मत घेण्याआधी सचिवांनी बदललेला ठराव पूर्ण वाचायचा:

"संस्थेच्या आवारात व जिन्यांत १६ सीसीटीव्ही कॅमेरे बसवावेत, मात्र कोणत्याही कॅमेऱ्याचा रोख सदनिकेच्या दाराच्या आत नसावा, आणि त्यांच्या खर्चासाठी प्रत्येक सदनिकेकडून ६,००० रुपये चार मासिक हप्त्यांत घ्यावेत."

बाजूने २५, विरोधात ४, तटस्थ २. आता ठराव झाला.

ज्याला कॅमेरेच नकोत त्यानेही उपसूचनेवर मत द्यावं. "ठराव झालाच तर निदान चार हप्ते तरी" असं म्हणून उपसूचनेच्या बाजूने आणि नंतर ठरावाच्या विरोधात मत देणं यात विसंगती काही नाही. उपसूचनेला मत दिलं म्हणजे ठरावाला बांधले गेलो, या गैरसमजापायी पुष्कळ माणसं गप्प बसतात.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ प्रमाणे एका सभासदाला एकच मत असतं, ते स्वतः हजर राहून द्यायचं असतं आणि समसमान मतं पडली तर अध्यक्षांना निर्णायक मत असतं. उपसूचनेवर १४-१४ झालं की हे मत कामाला येतं. उपसूचनेला साधं बहुमत पुरतं. मूळ ठराव उपविधी दुरुस्तीचा असेल तर त्याला हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश मतं लागतात, तरी त्यातला एखादा शब्द बदलण्याच्या उपसूचनेला सभेच्या सर्वमान्य रीतीने साधंच बहुमत पाहिजे.

सूचक म्हणतो, "मला मान्य आहे"

हे फार वेळा होतं. तुम्ही 'सहा' म्हणालात, सूचक हात हलवून म्हणतात, "अहो, घ्या ना सहा, माझी ना नाही." अध्यक्ष खूश होऊन पुढे जातात. इथे सावध राहा. ठराव सभेपुढे ठेवला गेला की तो सूचकाच्या एकट्याच्या मालकीचा राहत नाही, सभेचा होतो. सूचकाला मान्य असलं तरी बाकीच्या तीस जणांना मान्य आहे का? म्हणून अध्यक्षांनी विचारायचं, "सूचकांना हा बदल मान्य आहे. सभेत कुणाची हरकत आहे का?" कुणी बोललं नाही तर मतमोजणी न करता बदल झाला असं जाहीर करायचं. एकानेही हरकत घेतली तर रीतसर मतदान. वेळ वाचवायचा तर असा वाचवावा.

कोणती उपसूचना घेता येत नाही

विषयाबाहेरची. कॅमेऱ्यांच्या ठरावात "आणि उद्यानाला कुंपण घालावं" घुसवता येत नाही.

ठरावाला नुसता नकार देणारी. 'बसवावेत'च्या जागी 'बसवू नयेत' ही उपसूचना नव्हे. तसं वाटत असेल तर ठरावाच्या विरोधात मत द्या, काम तेवढंच होतं. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांतही, विषयाला धरून नसलेली आणि नुसत्या नकारात्मक मताइतकाच परिणाम करणारी उपसूचना मांडता येत नाही.

कायद्याबाहेरची. समजा, भाड्याने दिलेल्या सदनिकांच्या बिनभोगवटा शुल्काचा ठराव आहे आणि कुणी ते वाढवून वीस टक्के करण्याची उपसूचना आणली. राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाने हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सभेतल्या प्रत्येकाने हात वर केला तरी ती उपसूचना अध्यक्षांनी दाखल करून घेऊ नये.

चौथी मर्यादा कुठे ठळक लिहिलेली दिसत नाही, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. सभेला न आलेल्यांनी सूचनापत्र वाचून घरी राहायचं ठरवलेलं असतं. पत्रात प्रत्येकी ६,००० रुपये होते, म्हणून ते निश्चिंत होते. सभेत तो आकडा ४,५०० केला तर कुणाची फसवणूक होत नाही. १५,००० केला तर होते. उपसूचना देताना स्वतःला विचारा, हा बदल आधी माहीत असता तर घरी बसलेला माणूस धावत आला असता का? उत्तर "हो" असेल तर ती उपसूचना मागे ठेवा आणि विषय नव्या सूचनापत्रासह पुढच्या सभेत आणा. आयत्या वेळच्या विषयांत पैशाची गोष्ट उरकून घेणाऱ्या सभांमधून सोसायटीत वर्षानुवर्षांची भांडणं उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

आकडे खूप आले तर

कुणी चार हप्ते म्हणतं, कुणी सहा, कुणी आठ, कुणी बारा. अशा वेळी उपसूचनांची माळ लावू नका. अध्यक्षांनी सुचवावं की ठरावात आकड्याची जागा मोकळी सोडू. सगळे आकडे फळ्यावर किंवा मोठ्या कागदावर लिहा आणि एकेक मतास टाका. मंजूर होण्याची शक्यता ज्याची सगळ्यात कमी, तो आधी. सभासद एकाहून जास्त आकड्यांना हात वर करू शकतो. ज्याला पहिल्यांदा बहुमत मिळेल तो आकडा मोकळ्या जागेत भरायचा. पंधरा मिनिटांचा वाद तीन मिनिटांत आटोपतो.

आणि मुळात माहितीच अपुरी असेल, तर शब्दांशी झटापट करण्यापेक्षा विषय पुढे ढकलण्याची मागणी करा. त्यालाही थोर उदाहरण आहे. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीपुढे पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला, तेव्हा मुंबईचे बॅ. मुकुंदराव जयकर यांनी मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत निर्णय लांबवावा अशी उपसूचना दिली. १७ डिसेंबरला बाबासाहेबांनी त्या मागणीच्या बाजूने भाषण केलं. चर्चा जानेवारीत पुन्हा सुरू झाली आणि २२ जानेवारी १९४७ ला ठराव मंजूर झाला. सोसायटीत एवढंच म्हणा: "तीन दरपत्रकं सभासदांसमोर येईपर्यंत हा विषय तहकूब करावा." अनुमोदन घ्या आणि मतास टाकायला लावा.

इतिवृत्त

"उपसूचनेसह मंजूर" हे दोन शब्द पुरेसे नाहीत. इतिवृत्तात मूळ ठराव, उपसूचनेचे पूर्ण शब्द, तिचा सूचक आणि अनुमोदक, तिच्यावर पडलेली मतं, बदललेला ठराव पूर्ण आणि त्यावरची मतं एवढं आलं पाहिजे. चार जणांनी विरोध केला असेल तर "सर्वानुमते" लिहू देऊ नका, "बहुमताने" लिहायला सांगा. आदर्श उपविधींप्रमाणे झालेला ठराव रद्द करणारा ठराव सहा महिने उलटल्याशिवाय आणता येत नाही, म्हणजे आज चुकीचे शब्द गेले तर निदान सहा महिने त्यांच्यासोबत राहावं लागतं.

सभा संपली की लगेच उठून जाऊ नका. सचिवांजवळ जाऊन तुमच्या कागदाच्या प्रतीवर पोच घ्या: तारीख आणि सही. इतिवृत्ताचा मसुदा आला की तो कागद काढून शब्द न् शब्द ताडून पाहा. 'चार'च्या जागी 'दोन' राहिलं असेल किंवा कॅमेऱ्याच्या रोखाची ओळ गळली असेल, तर त्याच आठवड्यात पोचेच्या झेरॉक्ससह लेखी कळवा आणि पुढच्या सभेत मागील इतिवृत्त कायम करण्याचा विषय येईल तेव्हा पहिला हात तुमचा असू द्या.